उपचार ही मेहेरबानी नव्हे!

आरोग्यसेवा हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानावा काय, ह्या प्रश्नावर विद्वानांचे परिसंवाद नित्य झडत असतात. त्यांतला पुढचा परिसंवाद भांडुपला भरवावा, अशी आमची सूचना आहे. २०२१ च्या मार्चमध्ये तेथील एका मॉलच्या वरच्या मजल्यावरील खाजगी रुग्णालयात करोनाचे रुग्ण आगीला बळी पडले. त्याच वर्षी डिसेंबरात महापालिकेच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात चार नवजात अर्भके दगावली. आणि २०२४ च्या एप्रिलअखेर महापालिकेच्याच सुषमा स्वराज प्रसूतिगृहात बाळंतपणासाठी आलेली २६ वर्षांची माता आणि तिचे बाळ, दोघेही प्राणास मुकली. वीज गेली, जनित्र चालले नाही आणि मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात शस्त्रक्रिया उरकली गेली, असा नातेवाइकांचा आरोप होता. रीतीप्रमाणे चौकशी समिती नेमण्यात आली. समिती नेमण्यास आपल्याकडे विजेची गरज लागत नाही!

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांजवळ विम्याचे कार्ड आहे. महापालिकेच्या प्रसूतिगृहाची पायरी त्यांच्या घरातील कोणी चढत नाही. पण त्यांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई चढते. ती तेथे भीक मागावयास जात नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील ६१ व्या कलमाने सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालविणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. कर्तव्य आहे म्हणजे कोणाचा तरी हक्क असलाच पाहिजे. पण तो मागावयाचा कोठे, हे त्या बाईस कोणी सांगत नाही.

न्यायालयाने सांगितले आहे. पश्चिम बंगालात रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग ठरविला, आणि पैशाच्या तोट्याची सबब चालणार नाही असे बजावले. त्या मजुराला २५ हजारांची भरपाई मिळाली. म्हणजे हक्क आहे. परंतु तो हातपाय मोडल्यावर, बहुधा माणूस गेल्यावर, वकिलामार्फत वसूल करावयाचा! २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात ह्या हक्काला कायद्याचे रूप देण्याचा विचार होता. अंतिम धोरणात त्याच्या जागी आश्वासन आले. राजस्थानाने २०२३ साली खाजगी डॉक्टरांच्या संपाला न जुमानता तसा कायदा केला. बिल कोण चुकविणार, ही त्या डॉक्टरांची शंका अगदीच गैर नव्हती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मुंबईत तर तीही अडचण नाही. येथे रुग्णालय महापालिकेचे, डॉक्टर महापालिकेचे, आणि तिजोरीही तिचीच. २०२५-२६ सालचा तिचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. एवढ्या धनाढ्य संस्थेने दारिद्र्याचे रडगाणे गावे हे शोभत नाही. आमची मागणी मोठ्या शब्दांची नाही. प्रत्येक प्रसूतिगृहाच्या दारावर रात्रपाळीचा जबाबदार अधिकारी कोण, भूलतज्ज्ञ हजर आहे की नाही, आणि रुग्ण परत पाठविल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हे ठळक मराठीत लिहावे. परत पाठविण्याचे कारण लेखी द्यावे. आणि जनित्र शेवटचे कधी चालवून पाहिले, ती तारीख त्या जनित्राशेजारच्या भिंतीवर लावावी. ह्याला कोणता कायदा आडवा येतो, ते आयुक्तांनी सांगावे.