बीड तडकलेलं नसेल, तर विकू नका
डागडुजी | साप्ताहिक सदर

पाऊस ओसरला की सोसायट्यांमधलं गवत गुडघ्याला लागतं आणि जिन्याखाली टाकलेलं हाताने ढकलायचं लॉनमूव्हर कुणाला तरी आठवतं. चाकं जाम, पाती तांबडीलाल. मग कमिटी ठरवते, हे भंगारात द्या आणि पेट्रोलवरचा कटर आणा. आमच्या शेजारच्या सोसायटीतही परवा हेच ठरत होतं. माझा त्याला ठाम विरोध आहे.

हे यंत्र जन्मलं ते कापडाच्या धंद्यातून. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये लोकरी कापडावरची लव एका फिरत्या पात्याच्या यंत्राने कातरत असत. ते पाहून एडविन बडिंगने तीच युक्ती गवताला लावली आणि 1830 मध्ये पेटंट घेतलं. रचना आजही तीच आहे. वळणदार पात्यांचा रूळ फिरतो, खाली एक पातं स्थिर असतं आणि दोहोंच्या मध्ये गवत कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. दोरीच्या कटरने गवत झोडपलं जातं, शेंडे फाटतात आणि मग पांढुरके पडतात. क्रिकेटच्या चांगल्या मैदानांवर आजही रुळाचीच यंत्रं चालतात, ती याचसाठी.

शेजारच्या माळीकाकांबरोबर मी ते यंत्र खोललं. खोलण्याआधी डावं-उजवं खडूने लिहून ठेवायचं, हे फार महत्त्वाचं. चाकाच्या आत दातेरी कड्यात अडकणारी छोटी पोलादी खिट्टी असते. ती उलटी बसली तर चाकं फिरतात, पण पाती जागची हलत नाहीत. जाम झालेल्या बोल्टवर तेल सोडून रात्रभर थांबायचं. सांगाडा बिडाचा असतो आणि हातोडीच्या घावाने तडकतो. बाकीचा गंज तारेच्या ब्रशाने आणि डिझेलने निघतो. बेअरिंगचे छर्रे सायकलच्या दुकानात मिळून जातात.

खरी कसोटी धारेची. इथे बरेच जण ग्राइंडर लावतात, आणि यंत्र बाद होतं ते तिथेच, कारण रुळाची गोलाई एकदा बिघडली की पाती सगळीकडे सारखी टेकत नाहीत. गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट वापरतात ती पात्यांच्या कडेला लावायची, खालचं पातं जेमतेम टेकेल इतकं जवळ आणायचं आणि रूळ उलटा फिरवत राहायचं. सुरुवातीला खरखर येते, हळूहळू आवाज मऊ होतो. कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड करडी पट्टी उमटली की धार आली. मग पेस्टचा कणन्‌कण धुऊन काढायचा, नाहीतर ती बेअरिंग खाते. शेवटी वर्तमानपत्राची पट्टी पात्यांमध्ये धरून रूळ हाताने फिरवायचा. जिथे कागद नुसता दुमडतो, त्या बाजूचा स्क्रू किंचित आवळायचा. माळीकाकांनी प्रत्येक पात्यावर दोन्ही टोकांना आणि मध्ये कागद कापून पाहिला, तेव्हाच त्यांचं समाधान झालं.

वस्तू दुरुस्त करण्याच्या ग्राहकाच्या हक्कासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये समिती नेमली. मोबाइल, मोटारी आणि शेतीची अवजारं तिच्या विषयात होती. या जुन्या यंत्राने तो हक्क मालकाला पहिल्यापासूनच दिलेला आहे. त्यात सीलबंद असं काही नाही. दोन पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर असला की शेवटचा छर्राही बाहेर काढता येतो. आज विकल्या जाणाऱ्या किती वस्तूंबद्दल हे म्हणता येईल?

एक मर्यादा सांगायलाच हवी. गुडघाभर वाढलेलं किंवा ओलं गवत या यंत्राला झेपत नाही. पहिली कापणी विळ्याने करा. नंतर गवत कोरडं असताना, वाढू न देता, नियमित फिरवा.

तुमच्या सोसायटीत असं यंत्र पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी दोनच गोष्टी पाहा. बीड तडकलेलं आहे का आणि पात्यांना गंजाचे खोल खड्डे पडलेत का. दोन्ही नसतील तर ते यंत्र विकू नका.