इच्छेला निवृत्तिवय नसते

महाराष्ट्रात बियरसाठी किमान वय २१, कडक मद्यासाठी २५. कमाल वय कायद्याने ठरवलेले नाही. ते समाज ठरवतो. नाइटक्लबमध्ये शिरलेल्या साठीच्या माणसाकडे वळणारी नजर मी ओळखतो.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कल्याणाच्या व्याख्येत अन्न, आरोग्यसेवेसोबत मनोरंजन केंद्रेही आहेत. भिलाईजवळचे जामुल असो वा मुंबई, त्याचा अर्थ बाक आणि भजन एवढाच लावला जातो.

ययातीने मुलाचे तारुण्य मागितले. आजचा वृद्ध संगीत, सोबत आणि हसे न होता बसायला खुर्ची मागतो. नाचणाऱ्या तरुणीवर त्याचा कोणताही हक्क नाही. इच्छा बाळगण्याचा मात्र आहे. नगरपालिकांनी ज्येष्ठांची केंद्रे स्त्री-पुरुष दोघांसाठी रात्रीही उघडी ठेवावीत.