पराभूत पक्षाचे मौन

 सत्ता गमावलेल्या पक्षाने बोलावे केव्हा आणि गप्प राहावे कोठवर, हा प्रश्न १९५३-५४ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे मोठ्या कठोरपणे उभा राहिला होता.

अध्यक्षपदावरील वीस वर्षांचा अखंड अंमल संपून १९५२ च्या निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहेही डेमोक्रॅटिक पक्षाच्या हातून गेली. पराभूत उमेदवार अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना कोणत्याच सभागृहात आसन नव्हते, तेव्हा पक्षाची धुरा सॅम रेबर्न आणि लिंडन जॉन्सन या टेक्सासच्या दोघा नेत्यांकडे आली. लोकप्रिय नवे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याशी उघड वैर धरावयाचे नाही, आणि कम्युनिस्टांच्या शोधाच्या नावाखाली सरकारी नोकरांची अब्रू चव्हाट्यावर आणणाऱ्या जोसेफ मॅकार्थी यांचा बंदोबस्त त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाकडून होईतो थांबावयाचे, अशी जॉन्सन यांची तजवीज होती. डेमोक्रॅट पुढे सरसावले तर सारे प्रकरण पक्षीय भांडण ठरेल, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

फेब्रुवारी १९५४ मध्ये मॅकार्थींच्या समितीच्या खर्चाची मंजुरी सभागृहापुढे आली, तेव्हा ८५ सदस्यांनी होकार दिला आणि नकार दिला तो आर्कान्सॉच्या फुलब्राइट यांनी, एकट्याने. पुढे लष्कराबरोबरच्या झगड्यात मॅकार्थींचा उर्मटपणा दूरचित्रवाणीवर देशाने पाहिला. ठपक्याचा ठराव आणला तोही फ्लँडर्स या रिपब्लिकनाने. चौकशीच्या सहा जणांच्या समितीवर जॉन्सन यांनी उदारमतवादाचा शिक्का नसलेले तीन सदस्य धाडले. आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅटांनी दोन्ही सभागृहे जिंकल्यावर २ डिसेंबर रोजी ६७ विरुद्ध २२ मतांनी ठराव मंजूर झाला. उपस्थित ४४ डेमोक्रॅट झाडून सारे बाजूने उभे राहिले, रिपब्लिकन मात्र बरोबर निम्मे-निम्मे फुटले.

डावपेच म्हणून हे निर्दोष होते. परंतु ठपका ठेवला गेला तो सिनेटच्या समित्यांच्या अवमानाबद्दल. संशयापायी ज्यांची नोकरी आणि नाव दोन्ही गेली, त्यांचा त्या ठरावात उल्लेखही नव्हता, आणि वाट पाहण्याची किंमत तर त्यांनीच मोजली होती. फेब्रुवारीत फुलब्राइट यांच्यासह आणखी दहा डेमोक्रॅट उभे राहते तर मंजुरी अडली नसती हे खरे, पण आपल्या बाजूने बोलणारे कोणी आहेत एवढे तरी त्या हतबल माणसांना कळले असते, आणि तेवढ्याने जॉन्सन यांचे डिसेंबरचे गणित बिघडले असते असे आम्हांस मुळीच वाटत नाही.