मच्छरदाणीचा अर्ज

काशीच्या पंचगंगा घाटाची दंतकथा आपण ऐकलेली असते. विणकर कबीर पहाटेच्या अंधारात पायऱ्यांवर आडवा पडला, स्नानाला निघालेल्या रामानंदांचा पाय त्याला लागला, तोंडून ‘राम’ निघालं, आणि कबिराने तीच दीक्षा मानली. गुरूचा मोठेपणा म्हणून ही गोष्ट सांगतात. मला तिच्यात एवढंच दिसतं की दारातून आत घेत नव्हते, म्हणून पायाखाली पडावं लागलं.

त्याच कबिराचं नाव लावणाऱ्या पुण्याच्या कबीर कला मंचाचा सागर गोरखे मे २०२२ मध्ये तळोजा तुरुंगात उपोषणाला बसला. मागण्या पाण्याच्या आणि औषधोपचाराच्या. त्याच वर्षी एल्गार परिषद प्रकरणातल्या बंद्यांनी मच्छरदाणी मागितली. प्रशासन म्हणालं, सुरक्षेला धोका. अर्ज फेटाळले. नोव्हेंबरमध्ये एजाज लकडावाला मेलेल्या डासांची बाटली घेऊन कोर्टात उभा राहिला. त्याचाही अर्ज फेटाळला. तो तर गुंड, असं म्हणाल. मग डास काय आरोपपत्र वाचून चावतो?

त्याआधी, २०२० मध्ये, पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या स्टॅन स्वामींनी आपला स्ट्रॉ आणि सिपर परत मागितला. तपास यंत्रणा म्हणाली, आम्ही घेतलाच नाही. अर्ज निकाली. बाहेर बोंब झाल्यावर तुरुंगाने सिपर दिला. म्हणजे देता येत होता! ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतच गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी.

ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्यांचंच म्हणणं खरं. पाटलाविरुद्धचा अर्ज चौकशीला पाटलाकडेच जातो, हे आपल्या आजोबांना कुठलीही पदवी न घेता माहीत होतं.

हे असंच असतं असंही नाही. प्रभाकर संझगिरींनी मुंबईच्या तुरुंगात अणूवर मराठी पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचंच अपील फेटाळलं.

आता तुम्ही ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता निकाल दाखवाल. त्याचं स्वागतच आहे. काशी ज्या राज्यात आहे, त्या उत्तर प्रदेशच्या २०२२ च्या कारागृह नियमावलीत हलकी कामं ती करायची ‘सवय’ असलेल्या समाजाच्या बंद्याला देण्याची सोय होती. मनूला सेवानिवृत्ती नसतेच. न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला.

पण रकाना खरंच गेला का, संडास कोण धुतो, हे आतून कोण सांगणार? एखादा बंदीच. तोही बहुधा कच्चा कैदी, कारण २०२२ च्या अखेरीस देशातल्या दर चार बंद्यांपैकी तीन कच्चे कैदीच होते. त्याला अधीक्षकाविरुद्ध अर्ज करायचाय आणि रात्री त्याच अधीक्षकाच्या बराकीत झोपायचंय. तो अर्ज मच्छरदाणीच्या अर्जासारखाच दोन ओळींत गेला, तर दिल्लीचा निकाल दिल्लीतच राहतो.

घरातले पहिले पदवीधर म्हणून अख्ख्या वस्तीचे अर्ज तुम्हीच लिहून देता. तेव्हा ‘कोर्टाने फेटाळलं’ एवढी बातमी वाचून पुढे जाऊ नका. आदेश काढा, वाचा. त्यात बघा, बराकीत जाऊन डास कुणी मोजले होते.