वजन घटविण्याचा चुकलेला हिशेब

पंतप्रधानांनी २३ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘मन की बात’ या नभोवाणीवरील भाषणात लठ्ठपणाचा प्रश्न उपस्थित केला आणि प्रत्येक कुटुंबाने खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा असे आवाहन केले. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरूनही त्यांनी या विषयाचा पुनरुच्चार केला. ज्या देशाच्या राज्यकर्त्यांना दीर्घकाळ धान्याच्या टंचाईची चिंता वाहावी लागली, त्या देशाच्या पंतप्रधानांनी नागरिकांना कमी खाण्याचा सल्ला द्यावा, यातच काळ किती पालटला आहे हे दिसते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास या वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे आढळले. त्याच पाहणीत जवळजवळ १९ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कृश असल्याचीही नोंद आहे. एकाच देशात, अनेकदा एकाच गल्लीत, उपासमार आणि अतिपोषण शेजारी शेजारी नांदत आहेत.

वजन घटविण्याची इच्छा आज सुखवस्तूंचा शौक राहिलेली नाही. फळ्यापुढे उभे राहणारे शिक्षक, टेबलाशी आठ तास बसणारे कारकून, परीक्षेच्या अभ्यासासाठी खोलीत कोंडून घेणारे विद्यार्थी, सर्वांनाच या चिंतेने गाठले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रुग्ण असून, त्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या साडेतेरा कोटींच्या घरात आहे. तेव्हा प्रश्न कपड्यांच्या मापाचा नसून आयुष्याच्या मापाचा आहे. अशा वेळी लाखो माणसे प्रामाणिकपणे प्रयत्न करतात आणि तरीही बहुतेकांच्या पदरी निराशा पडते, याची कारणे तपासणे अगत्याचे ठरते. ती आळसात किंवा इच्छाशक्तीच्या अभावात शोधण्याची आपल्याला सवय आहे. वास्तविक ती बव्हंशी चुकीच्या हिशेबात आहेत.

पहिली चूक घाईची. ‘आठ दिवसांत पाच किलो’ अशा जाहिराती आपण रोज वाचतो. शाळकरी मुलालाही करता येईल असे गणित त्यांना लावून पाहावे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाचा दिवसाचा खर्च साधारणतः दोन हजार उष्मांकांचा, म्हणजे आठवड्याचा चौदा हजारांचा. याचा अर्थ, त्याने सात दिवस अन्नाचा कणही घेतला नाही, तरी त्याची दोन किलो चरबी घटणार नाही. मग पहिल्या आठवड्यात काटा तीनचार किलोंनी खाली येतो तो कसा? शरीर शर्करेचा साठा यकृतात आणि स्नायूंत करून ठेवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. अन्न तोडताच हा साठा संपतो आणि पाणी निघून जाते. माणूस हर्षभरित होतो, पण गेलेले असते ते मुख्यतः पाणी. दोन दिवस नेहमीचे जेवण झाले की ते परत येते आणि त्याबरोबर अपराधीपणाची भावनाही येते.

घाईचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, पण त्यांच्या शरीराचा खर्चही मंदावला, मन अन्नाखेरीज कशातच रमेना आणि निर्बंध उठताच ते अनिवार खात सुटले. पुढे अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर वजन घटविण्याची एक स्पर्धा गाजली. तिच्यातील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी सरासरी ५८ किलो वजन गमावले होते, त्यातील ४१ किलो परत आले होते. विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमी झालेला होता. दुष्काळातून तगून राहण्यासाठी घडलेले आपले शरीर अन्न तुटले की काटकसर सुरू करते. ते आपल्या संकल्पाला जुमानत नाही.

दुसरी चूक मापाची. आपण वजनकाट्याला न्यायाधीश मानतो, पण काटा चरबी, स्नायू आणि पाणी यांत भेद करीत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते, निर्देशांक २२.३ इतका. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसण्यात सडपातळ, आतून स्थूल, ही भारतीय देहाची खोड या एका छायाचित्राने जगापुढे मांडली. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी अतिरिक्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ या निर्देशांकावर आणली, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले. काट्यावर समाधानी असलेल्या अनेकांनी शिंप्याची टेप वापरून पाहिली, तर त्यांचे समाधान टिकणार नाही.

तिसरी चूक ताटातली आहे आणि ती आपल्या संस्कारांत मुरलेली आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यात तूप, बटाटा आणि शेंगदाण्याचे कूट पडले की उपवासाचा दिवस हा नेहमीच्या दिवसाहून जड होतो. साखर सोडून गूळ धरणारे आणि सकाळी कोमट पाण्यात मध घेणारे अशाच भ्रमात असतात. मधाचा मोठा चमचा सुमारे साठ उष्मांक देतो. तो चरबी वितळवीत नाही, तिच्यात भर घालतो. तेलाच्या एका लहान चमच्यात ४५ उष्मांक असतात, पण फोडणी कोणी मोजत नाही. घरातल्या स्त्रीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. सर्वांच्या मागून जेवायला बसणारी ती, अन्न टाकू नये म्हणून पातेल्यातील उरलेला भात आणि मुलांच्या ताटातील अर्धी पोळी संपविते, आणि दुसऱ्या दिवशी वजन वाढल्याबद्दल स्वतःलाच बोल लावते. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या संस्कृतीने मापाने रांधण्याचे शिक्षणही द्यावयास हवे होते.

वजन कमी करताना बहुतेकजण आधी डाळ, दूध, अंडी यांना कात्री लावतात आणि चहा-बिस्किटे तशीच चालू ठेवतात. भारतीय माणसाच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. साठ किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने हवीत. पातळ वरणाच्या वाटीतून पाचसहा ग्रॅमच मिळतात. अशा आहारात आणखी काटछाट झाली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन परत येते तेव्हा मात्र ते चरबीच्या रूपाने येते, स्नायूंच्या नव्हे. म्हणून प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर माणूस पूर्वीपेक्षा थोडा अधिक दुबळा होण्याचा धोका असतो.

चौथी चूक व्यायामाविषयीची. अर्धा तास भरभर चालल्याने सव्वाशे-दीडशे उष्मांक खर्च होतात. परतताना कोपऱ्यावर खाल्लेला एक वडापाव त्याच्या दुप्पट परत करतो. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जाते, हा असाच दुसरा भ्रम; चरबी कोठून काढावयाची हे शरीर ठरविते. मग व्यायाम निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. वजन उतरविण्यात त्याचा वाटा लहान, पण उतरलेले वजन टिकविण्यात मोठा. अमेरिकेत १९९४ पासून अशा यशस्वी व्यक्तींची नोंद ठेवली जाते. त्यांतील बहुतेकजण रोज सुमारे तासभर व्यायाम करतात. आपण नेमके उलट करतो. वजन उतरेपर्यंत व्यायामशाळेत जातो आणि उतरले की वर्गणी बंद करतो.

पाचवी चूक पंथाभिमानाची. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ साली आपल्या पथ्याची पुस्तिका प्रसिद्ध केली. तेव्हापासून प्रत्येक पिढीला आपला आहारगुरू भेटत आला आहे. महाराष्ट्रातही डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचविलेली दोनदाच जेवण्याची पद्धत विरुद्ध ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा सल्ला, असा वाद कचेऱ्यांच्या डब्यांभोवती हिरिरीने रंगला. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कमी चरबीचा आणि कमी पिष्टाचा, असे दोन आहार वर्षभर तपासले गेले. दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रत्येक गटात मात्र कोणाचे वजन पुष्कळ घटले, तर कोणाचे चक्क वाढले. तात्पर्य, जी पद्धत आपल्या घरात, आपल्या पगारात आणि आपल्या कामाच्या वेळांत वर्षानुवर्षे पाळता येते तीच आपल्यासाठी चांगली. मधुमेहावर औषध घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणताही उपवास आरंभू नये.

२०२५ मध्ये भूक मंदाविणारी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. ती परिणामकारक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि गंभीर लठ्ठपणाने पीडित असलेल्यांना ती वरदान ठरू शकतील. परंतु त्यांतील एका प्रमुख औषधाच्या चाचणीत, ते थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आल्याचे २०२२ मध्ये दिसून आले. म्हणजे हा दीर्घकाळ चालवावयाचा उपचार आहे. लग्नसराईपूर्वी घ्यावयाची जादूची कांडी नव्हे.

येथपर्यंत व्यक्तींच्या चुका झाल्या. परंतु सर्वात मोठी चूक समाजाची आणि शासनाची आहे. ती म्हणजे हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या जिभेचा मानणे. लठ्ठपणावरील औषधांच्या जाहिरातींना प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या त्या कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही चूर्णे, काढे आणि पट्टे यांच्या जाहिरातींना खंड नाही. चिली देशाने २०१६ मध्ये साखर, मीठ आणि चरबी अधिक असलेल्या पाकिटांवर काळे इशारे छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे पाकिटांवर तारे द्यावेत अशी योजना २०२२ मध्ये मसुद्याच्या रूपाने पुढे आली आणि चर्चेत अडकली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबाबत मुदत घालून द्यावी लागली. २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते, असे एका जागतिक अभ्यासाने दाखविले. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के होते. पण त्यांनी चालावे कोठे? पदपथावर वाहने उभी, शाळेचे मैदान लग्नसमारंभास भाड्याने दिलेले आणि संध्याकाळी एकट्या स्त्रीने बाहेर पडावे असा रस्ता दिव्याविना. अशा शहरात चालण्याचा उपदेश करणे हे पाणी तोडून स्नानाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. चेन्नईतील डॉ. अ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रत्येक बैठ्या नोकरदाराने लक्षात ठेवण्यासारखा आहे. केवळ आहारातील माफक बदल आणि नियमित चालणे यांमुळे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला आणि विशेष म्हणजे, वजनात म्हणण्यासारखी घट नसतानाही तो घटला. काटा हलला नाही, पण रक्त सुधारले.

तेव्हा ध्येय बदलले पाहिजे. महिन्यात दहा किलो घटविण्याच्या प्रतिज्ञेपेक्षा वर्षभरात पाच किलो उतरवून ते उतरलेलेच ठेवण्याचा निर्धार अधिक शहाणपणाचा. तेलाची बाटली महिन्याच्या हिशेबात लिहावी, ताटात डाळ-उसळ आधी वाढावी, भात नंतर. आणि नगरसेवक मते मागायला येईल तेव्हा त्याला पदपथाविषयी व मैदानाविषयी प्रश्न विचारावा. तोही वजन घटविण्याच्याच कार्यक्रमाचा भाग आहे. जे वजन वीस वर्षांच्या सवयींनी चढले, ते तीन आठवड्यांच्या उत्साहाने उतरावे अशी अपेक्षा करणे हीच मूळची चूक आहे. बाकीच्या सर्व चुका तिच्याच पोटी जन्माला येतात.