बसच्या खिडकीतलं जंगल

सहलीचा विषय निघाला की आपल्या घरातली मोठी माणसं आधी रेल्वेचं वेळापत्रक शोधतात. महाबळेश्वर, माथेरान, नाहीतर गाव. चार दिवसांची सहल ठरवायला महिना जातो आणि मधले रविवार टीव्हीसमोर नाहीतर कपाटं आवरण्यात सरतात. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असेल. पण दोन तास हाताशी असले, तर रोजच्या वाटेवरच एखाद्या ठिकाणी उतरायला काय हरकत आहे?

मुंबईत शीवहून वांद्र्याला जाणाऱ्या रस्त्यावर, धारावी बस आगारासमोर, एक फाटक आहे. बसच्या खिडकीतून भिंतीपलीकडची गर्द झाडी तेवढी दिसते. पावसाळा सरल्यावर एका रविवारी आम्ही सगळे तिथे उतरलो. सासूबाईसुद्धा, गुडघ्याला पट्टा बांधून. हे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. नावात उद्यान असलं तरी इथे घसरगुंडी नाही, झोपाळे नाहीत, भेळवाला तर नाहीच. धाकटीचा चेहरा लगेच उतरला. तो फाटकापासून पन्नास पावलांवर फुलला, पण ते पुढे.

आत गेल्यावर आधी जाणवते ती शांतता. बसचे भोंगे ऐकू येतात, पण दुसऱ्याच कुठल्यातरी गावातून आल्यासारखे. वड, उंबर, करंज यांच्या सावलीतून पायवाट जाते. सासूबाई मात्र झाडांकडे बघतच नव्हत्या. त्या रस्त्याच्या दिशेने बघून कसलातरी अंदाज घेत होत्या. लग्न होऊन त्या शीवला आल्या तेव्हा इकडून वारा सुटला की खिडक्या लावून घ्यायची पद्धत होती.

‘‘अगं, इथे तर शहराचा कचरा टाकायचे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याच ढिगांवर उभ्या आहोत का आपण?’’

त्याच. सुमारे ३७ एकरांची ही जागा म्हणजे पूर्वीचं डम्पिंग ग्राउंड. कचरा टाकणं बंद झाल्यावर तिथे माती आणून झाडं लावायचं ठरलं. १९८३ साली पहिलं रोप लावलं ते पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी. तेव्हा त्यांनी पंचाऐंशी ओलांडली होती. आपण लावलेल्या झाडाच्या सावलीत बसायला मिळणार नाही, हे त्या वयात माणसाला ठाऊक असतंच. १९८७ मध्ये ते गेले आणि लोकांसाठी फाटक उघडलं १९९४ साली. सासूबाई एका उंबराच्या बुंध्यावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट, आणि त्यांना आज कळत होती.

उद्यानाच्या एका अंगाला मिठी नदी आहे. नाव मिठी, वासाबद्दल न बोललेलं बरं. काठावर तिवरं आहेत. चिखलातून वर आलेली त्यांची पेन्सिलीसारखी मुळं हवा घेतात आणि अंगातलं जादा मीठ ही झाडं पानांवाटे बाहेर टाकतात. थोरल्याला हे पुस्तकात होतं, पण पानावर मिठाचे कण दिसल्यावर तो गप्पच झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हीच मिठी घराघरांत शिरली, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. पुराच्या पाण्याला पसरायला काठाशी मोकळी जमीन लागते. आणि अशा मोकळ्या जमिनीवर या शहरात किती जणांचा डोळा असतो, ते सांगायला नको. या जागेला संरक्षित वनाचा दर्जा आहे, तरी धारावीच्या पुनर्विकासाच्या चर्चेत तिचं नाव निघालंच.

आता धाकटीचा चेहरा. एका झुडपावर पांढरं, पिवळं आणि लाल रंगाचं फुलपाखरू बसलं होतं. त्याला मराठीत चक्क ‘हळदीकुंकू’ म्हणतात! त्याच्या अळ्या आंब्याबिंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाची पानं खातात. म्हणजे आपण ज्याला उपटून टाकतो, त्यावर याचा संसार. फुलपाखरासाठी फुलं लागतात एवढंच तिला माहीत होतं. पिल्लांसाठी नेमकं एकेक झाड लागतं, हे नवीन. मग घरी येईपर्यंत तिने कोण काय खातं याची चौकशी चालवली. रुईवर एक, लिंबावर एक, कढीपत्त्यावर एक...

जाणार असाल तर सकाळी लवकर जा. पाण्याची बाटली घ्या, पायांत बंद बूट घाला आणि मुलांच्या हाती एक वही द्या. खाऊ मात्र घरी येऊनच.

आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर सध्या तीन अळ्या आहेत. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून कोणी खात नाही. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. त्यांना हात लावायचा नाही, असा धाकटीचा हुकूम आहे आणि सासूबाईंचा तिला पाठिंबा. रोपाला आता आठ-दहा पानं उरली आहेत. फोडणीला कढीपत्ता मी बाजारातून आणते.