हरवलेल्या कवितेचे वारस

बँकेत दहा वर्षे वा त्याहून अधिक काळ दावा न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण व जागृती निधी’कडे वर्ग होते. २०१४ पासूनच्या या व्यवस्थेत ठेवीदाराचा वा त्याच्या वारसाचा हक्क मात्र संपत नाही. ओळख पटवून तो केव्हाही मागणी करू शकतो. मराठी कवितेच्या खात्यातही अशा कितीतरी ठेवी पडून आहेत. फरक इतकाच, की त्यांचा कागद दरवर्षी अधिक ठिसूळ होत आहे.

आवडत्या कवीची एखादी कविता शाळेत कानावर पडलेली असते. उतारवयात ती अचानक आठवते. पण घरातल्या संग्रहात सापडत नाही. असा शोध म्हणजे निवृत्तांचा विरंगुळा, असे अनेकांना वाटते. मराठी काव्याचा इतिहास नेमके उलट सांगतो. केशवसुतांचे १९०५ मध्ये हुबळी येथे निधन झाले, तेव्हा त्यांचा एकही संग्रह प्रसिद्ध झालेला नव्हता. हरि नारायण आपटे यांनी त्यांच्या कविता एकत्र केल्या, त्याही दशकाहून अधिक काळानंतर. मध्य भारतात आयुष्य घालविलेल्या भा. रा. तांबे यांचा पहिला संग्रह १९२० मध्ये वा. गो. मायदेव यांच्या पुढाकाराने निघाला, तेव्हा कवीने चाळिशी कधीच ओलांडली होती. बहिणाबाईंची गाणी तर १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, पुत्र सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे १९५२ मध्ये ग्रंथरूप पावली. जी कोणी टिपून ठेवली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. आज अभिजात म्हणून मिरविणारे हे धन कोणा एकाच्या चिकाटीने वाचलेले आहे.

शोधाची वाटही शिस्तीची आहे. पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाताशी आहे. पण सुटी कविता बहुधा नियतकालिकात दडलेली असते. जळगावचे ‘काव्यरत्नावली’ किंवा का. र. मित्र यांचे ‘मनोरंजन’ यांचे जुने अंक पानोपानी चाळावे लागतात. नावांचा चकवा असतोच. गडकऱ्यांची कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाखाली असते, विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाखाली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात मिळाली. त्यापूर्वीची त्यांची रचना शोधताना मूळ नावही ध्यानात ठेवावे लागते. धनादेशावरील सही पडताळावी, त्याच काटेकोरपणे हे पाहिले पाहिजे. अन्यथा भलत्याच कवीच्या खात्यावर भलतीच कविता जमा होते, आणि एकदा पसरलेली चूक मागे घेणे कठीण असते.

महाराष्ट्राबाहेरील वाचकानेही निराश होण्याचे कारण नाही. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियत ग्रंथालयांत पोहोचणे बंधनकारक आहे. १९५६ पासून नियतकालिकांनाही तो लागू झाला. त्याआधीच्या अंकांचा भरवसा मात्र जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांवर आणि घरोघरच्या माळ्यांवर. घर बदलताना हेच माळे प्रथम रिकामे होतात आणि बांधीव अंक वजनावर रद्दीत जातात.

म्हणूनच कविता सापडली, की शोध संपला असे मानणे गैर आहे. नियतकालिकाचे नाव, महिना, वर्ष आणि पृष्ठ यांची नोंद केल्याशिवाय ती सापडूनही हरवलेलीच राहते. ज्यांच्या निधनाला साठ वर्षे उलटली, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर आपल्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क उरत नाही. तेव्हा अशी कविता वहीत कोंडून ठेवण्यास सबबही उरत नाही. तिची प्रत जवळच्या ग्रंथालयास द्यावी, जुने अंक रद्दीवाल्याला देण्यापूर्वी ग्रंथपालाला दाखवावेत. ग्रंथालयांनीही आलेल्या दात्याला जागेच्या अडचणीपायी दारातूनच परत पाठवू नये.

ठेवीवर वारसाला आपले नाते सिद्ध करावे लागते. कवितेच्या बाबतीत ती अट नाही. जो शोधतो आणि पुढे सोपवितो, तोच तिचा वारस.